कानावरचं निमित्त

हे मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. बायकोकडे नाही, बहिणीकडे नाही. एकदा झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडे गेलेलो, तेव्हा अगदी ओठांपर्यंत आलं होतं – पण त्याने बीपी बघायला दंडाला पट्टा गुंडाळला आणि मी गप्प बसलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मला ओळखणारे सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. आत्याचं केलंस ते सख्ख्या मुलानेही केलं नसतं, असं म्हणतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो नम्रपणा वाटतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात तिचं माहेर, आणि लग्नानंतर दोन-तीन वर्षांत नवरा गेला म्हणून ती परत तिथेच आलेली. मूल नव्हतं. मी तिसरीत असताना माझी आई गेली, वडील होडीवर किंवा दारूत, आणि मग माझं सगळं तिच्याकडे आलं. धाकट्या बहिणीला मामाने नेलं. मी आत्याचा.

ती बाजारात मासे विकायची. तिचा आवाज – कसा सांगू? बाजाराच्या एका टोकाला ती बोलली की दुसऱ्या टोकाच्या बायका तिला उत्तर द्यायच्या. एकदा जत्रेत मी हरवलो होतो. गर्दी, पिपाण्या, पाळण्यांचा कर्कश आवाज, आणि मी रडत उभा. त्या सगळ्यातून तिची हाक आली, “बाला, आरं बाला”, आणि मी त्या आवाजाच्या दिशेने नुसता चालत गेलो. डोळे मिटून गेलो असतो तरी पोचलो असतो.

कॉलेजात गेल्यावर मात्र मला त्याच आवाजाची लाज वाटू लागली. हे मी लपवत नाही. पण ही काही मोठी कबुली नाही – अशी लाज खूप जणांना वाटते, आणि ते त्यावर छान छान लिहितातही. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

नोकरी लागली, लग्न झालं. वैशाली डोंबिवलीची, नौपाड्यातल्या शाळेत शिकवायची. आम्ही घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, चौदाव्या मजल्यावर. पुढे आत्याचे गुडघे गेले, बाजारात बसणं जमेना. तिला इकडे आणू या, असं वैशालीच म्हणाली. मी म्हटलं बघू. वैशालीने बघू वगैरे केलं नाही, एका रविवारी रिक्षा करून तिला घेऊन आली. आमच्या घरात ठरवणारी तीच होती. पडदे, फ्रीज, नातेवाइकांकडे काय न्यायचं – ती चार ठिकाणी चौकशी करायची आणि ठामपणे एक गोष्ट निवडायची. ती निवडायची आणि ते बरोबर निघायचं. मला याचा फार आराम होता.

मग घरून काम सुरू झालं. आठवड्यातले तीन दिवस मी घरी, अधूनमधून कामासाठी हैदराबादला विमानाने. वैशाली सकाळी शाळेत जायची. घरात मी आणि आत्या. आणि तो आवाज.

ती काही भांडायची नाही. कोळीवाड्यातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलायची, पण वाड्यापर्यंत फोनशिवायच ऐकू जाईल अशी. मला हाका मारायची. बाला, रिमोट सापडत नाय. बाला, चाय घेतंस का. बाला, हिकडं ये, खाडी कशी दिसते बघ. दिवसातून किती वेळा? मोजल्या नाहीत. पण प्रत्येक हाकेला माझ्या मानेत काहीतरी ताठ व्हायचं.

एके दिवशी मोठी मीटिंग होती. मी बोलत होतो, आणि बाहेरून आत्याने मैत्रिणीला पापलेटाच्या भावावरून काहीतरी सुनावलं. आमचा साहेब हसला. म्हणाला, “काय रे, आज मासळी बाजारातून जॉईन झालायस का?” सगळे हसले. मीही हसलो. मी म्हणालो, शेजारी बांधकाम चालू आहे, कामगार आहेत.

कामगार. असं म्हणालो मी तिला.

संध्याकाळी वैशालीला फक्त एवढंच सांगितलं की आवाजाने काम होत नाही, प्रवासातही डोकं दुखतं. तिने मनावर घेतलं. पुढचे दोन-तीन आठवडे ती हेडफोनच्या मागेच लागली. शाळेतल्या सहकाऱ्यांना विचारलं, मोबाइलवर परीक्षणं बघितली. मला कानात घालायचे छोटे हवे होते – खिशात मावतात, विमानात बरे. तिचं म्हणणं, छोटे तासाभरात टोचायला लागतात, सारखे निसटतात, आणि तू दिवसभर घरी लावणार. कान पूर्ण झाकणारे मोठे घे, प्रवासातही तेच चालतील. आम्ही नौपाड्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन्ही लावून बघायला दिले. मोठे चढवले, बटण दाबलं, आणि दुकानातला एसी, पंखा, बाहेरची वाहनं – सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं गेलं. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, वैशाली हसली. म्हणाली, “हेच. ठरलं.”

ती दुसऱ्या काउंटरला गेली तेव्हा दुकानदार मला म्हणाला, “एक सांगून ठेवतो, साहेब. घरघर जाते, विमानाचा आवाज जातो. माणूस बोललेला मात्र पूर्ण जात नाही. नुसतं बटण दाबून बसलात तर कुणी हाक मारली की ऐकू येणार. वरून गाणं लावलंत तर गोष्ट वेगळी.”

हे वैशालीने ऐकलं नाही. मी ऐकलं. मी तिला सांगितलंही नाही – तेव्हा मुद्दाम नाही, सांगण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून. नंतर मात्र मुद्दाम.

हेडफोन आले. पहिल्याच दिवशी मला कळलं की त्यांचा खरा उपयोग आवाज कमी करण्यात नाही. ते डोक्यावर असले की मी उत्तर द्यायला बांधलेला राहत नाही – हा त्यांचा उपयोग. आत्या दारात यायची, माझ्या कानांकडे बघायची, आणि परत जायची. हळूहळू मी काम नसतानाही ते घालून बसू लागलो. काही न लावता. बटणही न दाबता कधी कधी. मला ती ऐकू यायची. मी स्क्रीनकडे बघत राहायचो. अशी सवय लागायला किती दिवस लागतात? फार नाही.

आता त्या सकाळचं.

वैशाली शाळेत गेली होती. वाड्यातून कुणीतरी आत्यासाठी बोईट मासे पाठवलेले. ओट्यावर खवले काढलेले वैशालीला आवडत नाहीत म्हणून आत्या ते स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी बसून साफ करायची. त्या बाल्कनीतून स्वयंपाकघर आणि पुढचा पॅसेज दिसतो, आणि पॅसेजच्या टोकाला माझ्या खोलीचं दार.

माझी मीटिंग संपलेली. हेडफोन डोक्यावर होते. त्यात काहीही चालू नव्हतं.

काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग हाक. “बाला.” मला वाटलं, पातेलं पडलं असेल. मग पुन्हा, “बाला, आरं बाला, जरा ये रं.” मी उठलो. हो, उठलो – आणि दारापर्यंत गेलो. आणि तिथे उभं राहून मला आठवला तो साहेब, ते सगळ्यांचं हसणं, आणि मी मनात म्हणालो, आज नाही. बाहेर बघितलंही नाही. दार लोटलं. ते खट् करून बसलं. परत येऊन बसलो.

त्यानंतर ती आणखी हाका मारत होती. पण त्या वेगळ्या होत्या. आख्खा बाजार हलवणारी बाई – तिचा आवाज लहान झालेला. मला तो फरक कळला. हे मला नीट सांगू द्या, कारण इथेच मी इतकी वर्षं स्वतःशीही अडखळतो. मला फरक कळला. नेहमीसारखी हाक आहे असं वाटून मी बसून राहिलो, असं मी म्हणू शकत नाही. दार लावेपर्यंत कदाचित म्हणता आलं असतं. नंतर नाही. मी गाणी लावली. आवाज वाढवला.

दुपारी वैशाली आली. दार धाडकन उघडलं, तिने माझ्या डोक्यावरचे हेडफोन ओढून काढले. आत्या पडल्यात, कधीपासून पडल्यात, तुला ऐकू नाही आलं? ती ओरडत होती.  मी फक्त तिच्या हातातल्या हेडफोनकडे बोट केलं.

एवढंच. एक बोट. तिने हातातल्या त्या वस्तूकडे बघितलं. म्हणाली, “मीच घ्यायला लावले.”

खोटं बोलायची मला गरजच पडली नाही. ते तिनेच तयार करून माझ्या हातात दिलं, आणि मी ते ठेवून घेतलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आत्या पुन्हा उभी राहिली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आपणहून सांगायची, “त्याचे कानान ता होता. त्याला कसा आयकू येल?” लोक वैशालीकडे बघायचे, कारण तिने आधीच सगळ्यांना सांगून टाकलेलं असायचं की ते आपण निवडले. त्याला छोटे हवे होते, मी हट्ट केला. हे ती मावशांना सांगायची, शेजाऱ्यांना सांगायची, डॉक्टरांनाही सांगितलं.

मग तिने शाळा सोडली. मी म्हटलं, बाई ठेवू. नको, म्हणाली, माझ्यामुळे झालंय, मी करीन. सुमारे दोन वर्षं तिने आत्याला पुसलं, कुशीवर वळवलं, पाठीच्या जखमा धुतल्या, भरवलं. मी संध्याकाळी पलंगाशी बसायचो, आत्याचा हात हातात घेऊन. तेच लोकांनी पाहिलं.

अशाच एका संध्याकाळी वैशाली औषधं आणायला खाली गेलेली. आत्या छताकडे बघत होती. मग अगदी हळू, जणू जेवलास का विचारावं तसं, तिने विचारलं, “त्या दिशी तुजे खोलीचा दार वाऱ्यान लागला नं रं?”

तिने पाहिलं होतं. बाल्कनीच्या फरशीवर पडल्या पडल्या तिने मला दारात आलेला पाहिलं होतं, आणि माझ्या हाताने दार लागताना पाहिलं होतं. माझ्या खोलीत दिवसभर एसी चालतो, खिडक्या बंद असतात. वारा कुठून येणार? तिला माहीत होतं. आणि तरी तिने वारा माझ्यासाठी शोधून आणला होता, आणि माझ्यापुढे धरला होता. तेव्हा मी खरं बोललो असतो तर? ती काय म्हणाली असती? मला आता ते कळण्याचा रस्ता नाही.

मी म्हणालो, “हो. वाऱ्याने.”

ती म्हणाली, “मना बी तसाच वाटला.” आणि माझा हात थोपटला.

पावसाळा संपता संपता ती गेली.

वर्षश्राद्ध वाड्यातच केलं. जेवणं उरकल्यावर वैशाली फोटोसमोर बसली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने रडायला लागली. आत्या, माझी चूक झाली, मला माफ करा. वाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी तिला जवळ घेतलं. मी तिच्या मागे उभा होतो. सगळे माझ्याकडे बघत होते – नवऱ्याने काहीतरी बोलावं म्हणून. मी खाली वाकलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “कुणाचीच चूक नव्हती गं.”

किती मोठ्या मनाचा आहे, असं कुणीतरी मागून म्हणालं.

वैशाली शाळेत परत गेली नाही. आणि आता ती काहीच निवडत नाही. परवा घराला रंग द्यायचा होता, रंगवाल्याने नमुन्याचे तुकडे टेबलावर पसरले. मी तिला विचारलं, कुठला? तिने ते नीट पाहिलेही नाहीत. “तूच ठरव,” म्हणाली, “माझं ठरवलेलं नको.” आणि आत गेली. रंगवाला थांबला होता. मी एका तुकड्यावर बोट ठेवलं.