शीशमच्या ओंडक्यावरची चाचणी

लखनौमध्ये मे-जूनला आंधी सुरू झाली की आमच्या कार्यालयाला उसंत नसते. सरकारी वसाहतींची देखभाल हे आमचं काम. अर्ध्या तासाचं वादळ येऊन जातं आणि मग आठवडाभर आम्ही पडलेली झाडं कापून रस्ते मोकळे करत बसतो. त्यासाठी तेव्हा आमच्याकडे पेट्रोलवर चालणारे दोन चेनसॉ, म्हणजे साखळीच्या करवती, होते. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून आल्यासारखे. पण एक आला तसाच होता आणि दुसऱ्यात उस्तादांनी स्वतःच्या हातानं फेरफार केले होते.

उस्ताद म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने लाकूड कापणारे. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. झाड कुठल्या बाजूला पडेल ते बुंध्याभोवती एक फेरी मारून सांगायचे. छावणीतल्या बंगल्यांमधूनही त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं. त्यांनी मशीनचा सायलेन्सर आतून मोकळा केला होता. साखळीच्या प्रत्येक दातापुढे एक लहानसा उंचवटा असतो, तो कानशीनं घासून खाली आणला होता, म्हणजे दात लाकडात जास्त खोल शिरतो. त्यामुळे कापणं भरभर होतं, पण मशीन अंगावर उसळण्याची भीतीही वाढते. आणि मशीन उसळलं तर साखळी थांबवणारी जी दांडी पुढे असते, ती तर त्यांनी काढूनच टाकली होती. ती हाताला अडते म्हणून.

हे धोक्याचं होतं, आणि इंजिनिअर म्हणून ते थांबवणं माझं कर्तव्य होतं. एका ओळीच्या लेखी आदेशानं काम झालं असतं. हे आधीच सांगतो, कारण नंतर बरीच वर्षं मी 'हे धोक्याचं होतं' या वाक्याच्या आड लपलो.

मी त्यांना कामगारांच्या सगळ्या गँगसमोर म्हणालो, "उस्ताद, मशीन पहिल्यासारखं करून घ्या. कंपनीच्या इंजिनिअरांना काही कळत नाही का?" अर्थात हे हिंदीत. त्यांनी तंबाखू थुंकून तोंड मोकळं केलं आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साहब, कंपनी वाले काग़ज़ के उस्ताद हैं। आप भी हैं, माशाअल्लाह। लकड़ी मगर काग़ज़ नहीं पढ़ती।"

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, लखनौत असं बोलणं म्हणजे खेळ असतो. पण मी साताऱ्याकडचा माणूस, वीस वर्षं इथे राहूनही त्या खेळात मला उत्तर सुचत नाही. मी म्हणालो, "मग मोजून बघू."

"हाँ, तो नाप लीजिए," ते खूश होऊन म्हणाले. "नाप से कौन भागता है!"

इंदिरानगरच्या बाजूला एक शीशम पडला होता. त्याचा सरळ ओंडका चाचणीसाठी ठेवला. दोन्ही मशीननी पाच-पाच काप घ्यायचे, मी स्टॉपवॉच धरायचं.

अशी चाचणी कशी करायची हे मला येत होतं. कॉलेजात शिकलो होतो, कामातही केलं होतं. दोन्ही साखळ्यांना सारखीच धार हवी. आणि काप आलटून पालटून घ्यायचे, एक याचा, एक त्याचा, कारण ओंडका एका टोकाला जाड असतो, दुसऱ्या टोकाला बारीक. यातलं मी काहीही केलं नाही. साध्या मशीनला नवी साखळी चढवली आणि ते चालवणाऱ्याला पाचही काप बारीक टोकाकडून घ्यायला लावले. उस्तादांच्या वाट्याला जाड टोक ठेवलं, जिथे आतलं काळपट लाकूड जास्त असतं आणि ते दगडासारखं असतं.

आणि त्या सकाळी मी त्यांना एका कुंपणाच्या भिंतीलगतची मुळं कापायला पाठवलं होतं. मुळं मातीत असतात, आणि माती लागली की साखळीची धार जाते. काम तातडीचं होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या बाहीवर पिठासारखा भुसा होता. धारदार साखळीतून कपचे उडतात, बोथट साखळीतून पीठ पडतं. ते पीठ मी पाहिलं होतं.

त्यांनीही पाहिलं असणारच. खिशातून कानस काढत म्हणाले, "साहब, दो मिनट दीजिए, ज़रा धार लगा लें।"

मी म्हणालो, "नहीं उस्ताद, जैसी है वैसी। नियम है।"

असा नियम नव्हता. तो मी त्या क्षणी तयार केला. त्यांनी मान डोलावली आणि कानस खिशात ठेवली.

साध्या मशीनचे काप सरासरी अकरा सेकंदांत पडले, उस्तादांचे चौदा. शेवटच्या कापाला तर त्यांना सगळं वजन मशीनवर टाकावं लागलं. काप पडल्यावर ते वाकले, त्यावरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चौदह?"

"चौदह."

"अच्छा," ते म्हणाले. एवढंच.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, आज ती मशीनची शर्यत होती ना? काय झालं?"

"जिंकलो."

"मग तोंड असं का? पोळी वाढू का अजून?"

मी म्हणालो, ऊन लागलंय.

मी एकपानी अहवाल लिहिला. वरिष्ठांना तो आवडला आणि दुसऱ्या विभागांतही फिरला. आठ दिवसांत उस्तादांनी मशीन आपणहून पहिल्यासारखं केलं. दांडी बसवली, नवी साखळी, नवा सायलेन्सर. मला पाहिजे होतं ते सगळं झालं. पण गँगमध्ये एक नवा विनोद सुरू झाला होता. ते झाडाभोवती फेरी मारू लागले की कुणीतरी मागून म्हणायचं, "पहले साहब से घड़ी मँगवा लो, उस्ताद!" आधी ते उलट टोला द्यायचे. मग गप्प राहायला लागले. झाड कुठे पडेल ते सांगताना अडखळायला लागले, आणि एकदा मलाच विचारलं, "आपको क्या लगता है, साहब?" पावसाळा संपल्यावर अर्ज आला, पाण्याच्या टाकीवर ड्यूटी द्यावी म्हणून. कारण लिहिलं होतं, हातावर भरवसा राहिला नाही.

त्या अर्जावर सही करताना मी बोलू शकलो असतो. ते टेबलासमोर उभे होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी सही केली. निवृत्त होईपर्यंत ते पंप चालू-बंद करत राहिले.

या जानेवारीत मी त्यांच्याकडे गेलो. निशातगंजच्या मागच्या गल्लीत घर आहे. दुपारी ते उन्हात खाटेवर बसले होते. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली, आणि मग मी सगळं सांगितलं. नवी साखळी, जाड टोक, मुळं, पीठ, नियम. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

ते रागावतील अशी माझी तयारी होती. निदान विचारतील, असं का केलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढे झुकून विचारलं,

"तो साहब, बराबर से नापते, तो हमारी वाली कितने में काटती?"

आता मोजायला काही उरलं नव्हतं. त्यांनी बदललेली ती साखळी आणि सायलेन्सर केव्हाच भंगारात गेले होते. मशीनही निकामी ठरवून काढून टाकलं होतं. ते म्हणाले, "अंदाज़े से बताइए। आप तो इंजीनियर हैं।"

आठ. आठ हा आकडा माझ्या जिभेवर आला होता. खरा असण्याची शक्यताही होती. ते इतके आशेनं बघत होते, की आठ म्हटलं असतं तर त्यांचं म्हातारपण थोडं सोपं झालं असतं, आणि माझंही. पण तोही मी न मोजलेला आकडाच असता.

"पता नहीं, उस्ताद," मी म्हणालो. "अब पता चल भी नहीं सकता।"

ते मागे टेकले. त्यांनी आपल्या तळव्यांकडे बघितलं.

"तो फिर चौदह ही रहेगा," ते म्हणाले. "लिखा हुआ तो वही है।"