झुलेईद आणि नणंदेची लाळ

झुलेईदचं नणंदेशी कधी पटलंच नाही. इवोनेतला लहानपणापासून फिट येई, आणि फिट आली की तोंडातून लाळ गळे. ती लाळ लागली की आजार चिकटतो, असं ब्राझीलमधल्या तेरेसिना शहराच्या त्या वस्तीत सगळेच मानत. झुलेईदनं मात्र त्याचा कायदाच करून टाकला. तिच्या चार वर्षांच्या लेकीनं, जासिरानं, आत्याच्या मांडीवर बसायचं नाही, आत्यानं तिला हात लावायचा नाही.

"वहिनी, मी काय खाते का गं पोरीला?" इवोनेत विचारी.

"जे बोलायचं ते लांबून बोल."

आणि हीच बाई विद्यापीठात उंदरांचे पिंजरे धुवायची! तिथे जाबोरांदी नावाच्या झुडपाच्या पानांतून काढलेलं औषध टोचून उंदरांना मुद्दाम फिट आणत. निम्म्यांना आधी दुसरं औषध पाजत, त्यानं मेंदू वाचतो का ते बघायला. तुलनेसाठी काही उंदीर न टोचता तसेच ठेवत. टोचलं की उंदरांची लाळ गळे, मग ते थरथरत आडवे होत. झुलेईद हातमोजे घालून सगळं पुसायची. त्या मोज्यांवर तिचा भारी भरवसा.

एकदा उंदीर मोज्यातूनच कडकडून चावला. जखमेत लाळ गेली. बाईनं गळा काढला, "मेले मी! आता मलाही फिट येणार!"

प्राध्यापिका अदालजीझा भडकल्या. "अक्कल गहाण टाकलीस का? फिट त्या इंजेक्शननं येते, लाळेनं नाही! न टोचलेले उंदीर त्यांच्याच पिंजऱ्यात असतात, त्यांना चाटतात. एक तरी थरथरला का? जा, जखम धू आणि दवाखान्यात दाखव."

"पण माझ्या नणंदेची लाळ…"

"तिचीही लागत नाही. कुणी भरवलं हे डोक्यात?"

सगळ्यांनीच भरवलं होतं. झुलेईदला आधी प्राध्यापिकेचा राग आला, मग स्वतःचा. वाटेत तिनं माफीचे शब्द जुळवले, पण घरी इवोनेत दिसताच ते सोडून तिनं पोरीलाच हाक मारली.

"जासिरा, जा, आत्याच्या मांडीवर बस."

इवोनेत चमकली. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं?"

"टोमणे पुरे. घे तिला."

इवोनेतनं घाईघाईनं हात पुढे केले. पोरगी आईच्या झग्यामागे दडली.

"नको! आत्याची लाळ लागते!"

झुलेईदनं तिला दंडाला धरून पुढे ओढलं. ती जिवाच्या आकांतानं किंचाळली.

इवोनेतनं हात मागे घेतले. "सोड तिला, वहिनी. तू शिकवलंस ते पोरीनं नीट पाठ केलंय."