दाजींची पुडी

शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, फुटलेलं काच-सामान मुलांच्या पायात यायच्या आत उचलायचं. मुलं तिला नळीबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं. ती कुणावर डूख धरील असं तिच्याबद्दल कुणी म्हटलं नसतं. ताई गेली आणि ते बदललं.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, सांधेदुखीच्या पुड्यांचं दुकान होतं. 'निव्वळ मुळ्या, गोळी-बिळी नाही' अशी पाटीच होती दारावर. ताईला जुना अल्सर. वेदनाशामक गोळीला हातसुद्धा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गुडघे तर ठणकायचे. म्हणून ती नवऱ्याचीच पुडी सकाळ-संध्याकाळ घ्यायची आणि दाजी तिला गिऱ्हाइकांपुढे उभं करायचे. "बघा, जिना कसा टणाटण चढते!"

एका सकाळी ताईला रक्ताची उलटी झाली. दाजी काढा उकळत बसले. धाकटीनेच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "वेदनाशामक कुठली घेतात?" तीनदा तिने सांगितलं, "एकही नाही." दुपारी ताई गेली.

भेटायला येईल त्याला दाजी सांगायचे, "घरी बरी होती हो. हिने दवाखान्यात नेलं, सुया टोचल्या अन् संपलं." तिच्या तोंडावर सांगायचे. ताईची मुलगी, तिची एकुलती भाची, मान खाली घालून ऐकायची. नातेवाईक तिला टाळायला लागले. डॉक्टरांचा तो प्रश्न मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

चार महिन्यांनी बारावीच्या वर्गाला टीएलसीचं, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखायचं, प्रात्यक्षिक आलं. पांढऱ्या सिलिकाचा पातळ थर दिलेली बोटभर रुंद पट्टी, खाली पेन्सिलीची रेघ, रेघेवर पदार्थाचे ठिपके. पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतं आणि प्रत्येक पदार्थाला आपापल्या उंचीवर नेऊन सोडतं. सर त्या दिवशी दुखण्याच्या गोळ्या ओळखायला शिकवत होते. पेले धुता धुता तिचे हात थांबले.

दवाखान्यातून तिच्याकडेच राहिलेल्या ताईच्या पर्समध्ये एक पुडी उरली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने ती स्पिरिटमध्ये ढवळून गाळली आणि रेघेवर तीन ठिपके दिले: डावीकडे पुडी, उजवीकडे औषधाच्या दुकानातली डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी, मधे दोन्ही एकावर एक. पट्टी द्रावकात उभी केली, मग वाळवून ठिपके दिसावेत म्हणून आयोडिनच्या बरणीत ठेवली. पुडीतून मुळ्यांचा हिरवट ओघळ निघाला होता आणि त्याच्या वर गोळीच्या बरोबरीने एक ठसठशीत तपकिरी ठिपका. मधल्या जागीही त्या उंचीवर एकच ठिपका, फुटलेला नाही, म्हणजे दोन्हींत पदार्थ एकच.

तिने पट्टी सरांपुढे धरली. सरांनी फूटपट्टीने ठिपक्यांच्या उंच्या मोजल्या.

"दुसऱ्या द्रावकातही करून बघा, बाई. एका जुळणीवर कुणाला फाशी देत नाहीत."

"फाशी नकोच सर. मला तो जिवंत हवाय."

दुसऱ्या द्रावकातही ठिपके जुळले. सर म्हणाले, आता औषध निरीक्षकाकडे अर्ज करा. तिने केला. पण तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं. मुख्याध्यापक स्वतः दाजींचे गिऱ्हाईक होते. पालकांसाठी भरवलेल्या विज्ञान प्रदर्शनाला पाहुणा म्हणून दाजींना बोलवा, असं तिनेच सुचवलं. ते हुरळून गेले. दाजीही.

दाजी कडक इस्त्रीत आले. तिने त्यांना टेबलाशी खुर्ची दिली. "दाजी, खिशातली एक पुडी द्या ना. तुमच्याच हाताने फोडा. मुळ्यांचे रंग दाखवते लोकांना."

दाजींनी हसत पुडी फोडली. भोवती चाळीसेक पालक, बरेचसे त्यांचेच गिऱ्हाईक. मग तिने पुडीच्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका दिला आणि शांतपणे सांगितलं तो कशाचा आहे. दाजींचं हसू विरलं.

"मला जरा काम आहे," ते उठायला लागले.

"बसा की. वीसच मिनिटं. ताईला तेवढीही दिली नाहीत तुम्ही."

उठून जावं तर शोभा, बसावं तर हे. दाजी बसले. द्रावक मुंगीच्या पावलांनी चढत होतं आणि ती पट्टीकडे न बघता दाजींच्या कपाळावरचा घाम बघत होती. तिला वाटलं, ही वीस मिनिटं संपूच नयेत.

आयोडिनच्या बरणीत दोन तपकिरी ठिपके एका ओळीत उमटले, तेव्हा मुख्याध्यापकांनीच आधी तोंड उघडलं. "म्हणजे मी दोन वर्षं गोळ्याच खातोय?"

"मुळीतही असतं ते," दाजी पुटपुटले.

"ते औषध कारखान्यात बनतं, मुळीत नाही," सर म्हणाले.

आठवड्याभरात निरीक्षक आले, नमुने सील करून सरकारी प्रयोगशाळेत गेले. अहवाल तोच आला. दुकानाला टाळं लागलं, खटला उभा राहिला.

एका संध्याकाळी दाजी तिच्या दारात आले. "मला वाटलं, थोडीशी घातली तर काय होतंय. तिला आराम पडत होता गं. अर्ज मागे घे."

"तिचा अल्सर माहीत होता तुम्हाला?"

दाजी पायात चपला सरकवायला लागले. तिने दार लावून घेतलं.

भाची एकदाच आली. "मावशी, आईला तेच देत होते का गं बाबा?" तिने हो म्हटलं. भाची रडली नाही. "आई गेली, आता बापही घालवलास," एवढं बोलून गेली, ती पुन्हा फिरकली नाही. त्या रात्री मावशीला जेवण गेलं नाही. पण अर्ज तिने मागे घेतला नाही.

खटला अजून चालू आहे. दाजी आता एका किराणा दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली साखर-डाळीच्या पुड्या बांधतात. तिला शाळेत जायला तो रस्ता लांबचा पडतो. तरी ती रोज त्याच रस्त्याने जाते, दुकानासमोर घटकाभर थांबते, आणि दाजींनी मान वर करून बघितल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही.