विहिरीत सापडलेलं पोहणं

सर्वपित्री अमावस्येच्या आधीचा शनिवार, गेल्या वर्षीचा. काम — घट बसायच्या आत घरातल्या सगळ्या गोधड्या धुणे. आमच्या शेवगाव भागात नवरात्राचं हे धुणं चुकत नाही. अंथरूण-पांघरूण, पडदे, सगळं पाण्यातून काढायचं. आम्ही दोघी जावा दरवर्षी टेम्पोत ढीग टाकून मळ्यातल्या विहिरीवर जातो.

इथे लोक आपापले गूढ अनुभव लिहितात, ते मी दुपारी वाचते, गिरणीवर गर्दी नसते तेव्हा. माझी पिठाची गिरणी आहे. बहुतेक अनुभव वाचून मला हसू येतं... मांजर असतं, वारा असतो, नाहीतर रात्रीचं जड जेवण. पीठ चिमटीत धरून बघायचं आणि जाड लागलं तर पुन्हा टाकायचं, इतपतच माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहायला मला वर्ष लागलं.

त्या दिवशी तिघी होतो. मी, धाकटी जाऊ मंगल आणि तिची मुलगी ऋतुजा. ऋतुजा पुण्याला तत्त्वज्ञानात एम.ए. करते. सुट्टीला आली होती आणि आल्यापासून तिनं घराला भंडावून सोडलं होतं. दूध नासलंय म्हटलं की कशावरून? बाबा झोपलेत म्हटलं की तुला कसं माहीत? गोधड्या तुडवता तुडवता ती सांगत होती — एकानं म्हणे आपल्याला जे जे ठाऊक आहे त्या सगळ्यावर शंका घ्यायचं ठरवलं. डोळ्यांवर, आठवणीवर, आपण जागे आहोत यावरसुद्धा. शेवटी खात्रीचं काय उरतं ते बघायला.

"त्याला घरात काम नसंल," मंगल म्हणाली.

मग ऋतुजानं मला धरलं. मोठी आई, तुला अगदी पक्की माहीत आहे अशी एक तरी गोष्ट सांग. मी समोरच्या विहिरीकडे बघितलं आणि सांगितलं, "मला पोहता येत नाही. घे. आता घे शंका."

ती म्हणाली, विचार करून सांगते.

शेवटची वाकळ, सगळ्यात जाड गोधडी, राहिली होती आणि लाईट गेली. मोटार बंद, पाणी बंद. साबण जवळजवळ निघालाच होता, म्हटलं विहिरीत एकदा बुचकळून काढू. विहीर पायऱ्यांची आहे आणि त्या वर्षी काठोकाठ भरली होती. वाकळ हातातून सुटू नये म्हणून तिचं टोक मी मनगटाला गुंडाळलं. दरवर्षी गोधड्या धुणारीनं करू नये अशी ही चूक. ओली वाकळ म्हणजे मेलेली म्हैस. ती पाणी प्यायली, खाली निघाली आणि मला घेऊन गेली.

अशा वेळी घाबरायला वेळ मिळत नाही असं लोक लिहितात. मिळतो. मी व्यवस्थित घाबरले. सगळीकडे हिरवं, कानात दडा, मनगटाला ओढ. मी टोक उलगडलं, पण वाकळ सोडली नाही — का, ते विचारू नका, सासूबाईंनी शिवलेली होती. आणि मग पायांनी काम सुरू केलं. मी नाही, पायांनी. कात्रीसारखे उघडत मिटत होते. मी कुशीवर वळले, एक हात लांब गेला, पाणी मागे सारलं, पुन्हा लांब गेला. धडपड नव्हती. दम कधी घ्यायचा, तोंड कुठे वळवायचं, सगळं ठरलेलं होतं. दुसऱ्या हातानं वाकळ ओढत मी पायरीशी आले आणि टोक मंगलच्या हातात दिलं.

इथे मी बाहेर यायला हवं होतं. आले नाही. मागे वळले आणि विहिरीला एक मोठी चक्कर मारली. कारण एकच — लई भारी वाटत होतं.

ऋतुजा मला टाकायला आणलेला बैलाचा कासरा हातात धरून तशीच उभी. मंगल रडत होती, मी फेरी मारायला लागले तशी रडायची थांबली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या अंगात कुणीतरी हाय. पितरपाट चालू हाय. थोरले आजेसासरे पट्टीचे पव्हणारे हुते म्हणं."

"मग त्यांनी वाकळ पिळून तरी द्यायची होती," मी म्हटलं.

घरी गेल्यावर आमचे हे म्हणाले, इतकी वर्षं लपवून ठेवलंस होय. ते थट्टेत गेलं. पण ऋतुजा शांतपणे जे म्हणाली ते मात्र लागलं. ती म्हणाली, बुडणारा माणूस असा पोहत नाही. ही शिकलेली पद्धत आहे. तू लहानपणी शिकली असणार आणि विसरली असणार.

तिच्या दृष्टीनं ती साधी गोष्ट. माझ्या दृष्टीनं नव्हती. माझ्या आईला पन्नाशीनंतर विसर पडायला लागला. आधी मीठ, मग सण, मग माणसं. शेवटी मला विचारायची, तू कुणाची गं? मी आज त्याच वयाची आहे. एखादी बाई अख्खं पोहणं विसरत असेल, तर तिचं आणखी काय काय गेलं असेल? आणि गेलंय हे तिला कळणार तरी कसं? भाकरी थापताना मी मनात चाचपत होते — शाळेतल्या बाईंचं नाव, लग्नातल्या शालूचा रंग, धाकट्याचा जन्मवार. सगळं होतं. पण जे नाही ते कसं दिसणार...

शेवटी जामखेडला दादाला फोन लावला. माहेरी आता जुनं माहीत असलेला तोच आहे. म्हटलं, दादा, खरं सांग, लहानपणी मी पोहायला शिकले होते का?

दादानं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग तो जो हसायला लागला तो थांबेना. वहिनीला हाका मारून त्यानं माझा प्रश्न ऐकवला. तीही हसायला लागली.

"सुरे, आगं कशात पव्हणार तू? आपल्या हिरीत पोहरा आडवा पडायचा, बुडत न्हवता. खाली उतरून वाटीनं भरावं लागायचं. माझं लगीन झालं तरी मी गुडघ्याच्या वर पाणी बघितलं न्हवतं."

मी म्हटलं, मामाच्या गावाला? तिथं तर टँकर, दादा म्हणाला. सहल? कुठली सहल आन् कुठलं काय. आपल्या अख्ख्या भावकीत पोहणारा माणूस न्हाई, तुला काय टँकरात सोडली हुती व्हय?

इतका आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता. माझी आठवण शाबूत होती. मी विसरले नव्हते, कारण विसरायला काही नव्हतंच.

ऋतुजाला सांगितलं तर तिचा चेहरा बघण्यासारखा. आठवण खरी, दादाची साक्ष खरी, तिनं डोळ्यांनी पाहिलं तेही खरं — आणि तिन्ही एकत्र बसत नाहीत. कशावर शंका घेऊ, ती म्हणाली. पोहणाऱ्या दोन मैत्रिणींना तिनं फोन करून विचारलं. दोघींनी सांगितलं, असा हात सवयीशिवाय येत नाही. तेव्हापासून मीही गिरणीवर येणाऱ्या जाणत्या माणसांना विचारलंय. कुणी पितर म्हणतं, कुणी मागचा जन्म, कुणी नुसतं "असंल" म्हणतं. मला एकही पटलेलं नाही आणि माझ्याकडे दुसरं काही नाही.

विहिरीत गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेऊन मी पुन्हा तिथे गेले होते. एकदा घडलेलं मी धरत नाही. मंगलला बरोबर नेलं, कासरा कमरेला बांधला, दुसरं टोक बाभळीला, आणि पंजाबी ड्रेसवर पायरीवरून पाण्यात शिरले. होतं. जसंच्या तसं होतं. हात लांब, पाय कात्री. चार फेऱ्या मंगलनं काठावरून मोजल्या. मग तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि पाण्यातल्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"ताई, मला बी शिकवा."

आता आली का पंचाईत! कुठून सुरू करतात तेच मला माहीत नव्हतं. मी तिच्या पोटाखाली हात धरला आणि म्हटलं, घाबरू नको, पाय हलव. कसं हलवू, ती म्हणाली. मी म्हटलं, मला काय विचारतेस, पायांना विचार. ती इतकी हसली की नाकातोंडात पाणी गेलं, आणि मी तिला पुन्हा आडवी धरली.