पाइपाला नेसवलेलं लुगडं

साठचं दशक संपत आलं होतं. भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, जळगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरी होती आणि कारखान्याच्या आवारातलंच एक जुनं घर आम्हाला राहायला मिळालं होतं. कधी काळी तिथे गोरा इंजिनीअर राहायचा. त्याच्या आंघोळीसाठी बॉयलरची वाफ एका जाड पाइपातून थेट न्हाणीघरात यायची. साहेब गेला, बॉयलर गेला, कारखाना विजेवर चालू लागला. पाइप मात्र बैठकीत छताखालून तसाच राहिला. त्याच्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा जाड लेप आणि वर कापडाच्या पट्ट्या. मोडलेल्या पायाला प्लास्टर घालावं तसा तो दिसे. लेप जागोजागी सुटून भुरभुरत खाली पडे आणि आई केर काढून काढून वैतागे.

भाऊ त्या पाइपावर फिदा होते. घरी कोणीही आलं की ते स्टुलावर चढत, लेपातून कापसासारखा एक पुंजका उपटत आणि काडी ओढून त्याला लावत. पुंजका लाल होई, पण जळत नसे. त्यांचा सगळा जन्म कापसात गेलेला. जिनमध्ये एक ठिणगी पडली तर काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. न जळणारा कापूस हा त्यांना चमत्कारच वाटे. दूधवाल्याला दाखवून झाला, पोस्टमनलाही दाखवून झाला.

माझी थोरली बहीण तेव्हा लग्नाची होती. आम्ही तिला अक्का म्हणायचो. अक्का सावळी, आणि एकदा हसायला लागली की थांबणं नाही. बघायला येणारे पोहे खात, ‘कळवतो’ म्हणत आणि कळवत नसत. कळवलंच तर रंगाचं कारण. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझा राग नाकावर. त्या मंडळींना बशांसकट बाहेर काढावं असं मला वाटे. अक्का वरवर हसण्यावारी नेई, पण दर वेळी ती आधीपेक्षा कमी बोलू लागली होती. ते मला सहन होत नव्हतं.

अशात धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, बरोबर त्याची आई आणि मामा येणार होते. आईने फर्मान काढलं, की आधी त्या पाइपाचं काहीतरी करा. मी आणि अक्काने खुरप्याने एक कोपरा खरवडायला घेतला. घटकाभरात आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या आणि एकमेकींकडे बघून आम्ही इतक्या हसलो, की खुरपं हातातून पडलं. पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की ही धूळ छातीत घर करून बसते आणि माणसाला सोडत नाही. तेव्हा मात्र आम्ही तोंडं उघडी टाकून खिदळत होतो.

खरवडणं जमेना, तेव्हा आईने आपलं जुनं हिरवं नऊवारी लुगडं काढलं. ते पाइपाला गुंडाळून आम्ही वरून टाके घातले, काठ नीट पुढे आणले. शेजारच्या मारवाडी काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, “हिला आता कुंकू लावा.” अक्काने खरंच स्टुलावर चढून बोट टेकवलं. आईने दोघींना रागे भरलं आणि मग पदर तोंडाला लावून स्वतःच हसत सुटली. भाऊंना मात्र तिने बजावलं, “पाहुण्यांसमोर पाइपाचं नाव काढायचं नाही.”

पाहुणे आले. मामा मोठे तोलूनमापून बोलणारे, अगदी पुस्तकातल्यासारखं. अक्का चहा ठेवून बसली. मामांनी तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग आपल्या बहिणीकडे, म्हणजे मुलाच्या आईकडे, वळून आवाज खाली न आणता म्हणाले, “मुलगी गुणी दिसते. वर्ण तेवढा सावळा आहे.”

आई ताटलीतली शेव उगाच सारखी करत बसली. भाऊंचा चेहरा उतरला, आणि अडचणीत सापडल्यावर त्यांना एकच गोष्ट सुचायची. “तुम्हाला एक गंमत दाखवतो,” म्हणत ते स्टुलावर चढले. आईने डोळे वटारले, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. लुगड्यात हात घालून त्यांनी पुंजका ओढला. पुंजका आला नाही, म्हणून जोर लावला. आमचे टाके पक्के होते, आतला लेप मात्र कधीचाच सुटलेला. आधी भराभर ढेकळं पडली, मग सगळी वीतभर जाडीची झूल लुगड्यासकट खाली लोंबली. पांढरा धुरळा असा उठला, की समोरचा माणूस दिसेना.

“हाई काय शे?” मामा ओरडले. पुस्तकी मराठी जाऊन घरची बोली बाहेर पडली होती.

धुरळा बसला. मामांचा काळा कोट, टोपी, मिशा सगळं पांढरंफेक. मुलाच्या आईचे फक्त डोळे दिसत होते, बाकी आम्ही सगळेही पांढरे. भाऊ स्टुलावर तसेच, आणि नवरा मुलगा खुर्चीवर उभा राहून दोन्ही हातांनी लोंबतं लुगडं तोलून धरत शिंकत होता. अक्का ओठ दाबून बसली होती. मग तिला आवरेना.

“मामा,” ती घरच्या बोलीत म्हणाली, “आते बठ्ठा गोरा व्हई गयात. आते कोनी निवड करशात?”

पहिल्यांदा मुलाची आई हसली. तिच्या हसण्याबरोबर पदरातून धूळ उडायला लागली, तशी आमची आई हसली, मी हसले, भाऊ स्टुलावरून पडता पडता वाचले. मामा तेवढे हसले नाहीत. कोट झटकत त्यांनी बघायला येणाऱ्यांचं नेहमीचं वाक्य काढलं, “ठीक आहे. घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो.”

“कळवानं काम नही,” अक्का डोळे पुसत म्हणाली. “माले पोऱ्या पसंद शे.”

हसणं थांबलं. इतकी माणसं येऊन गेली, पण मुलगा पसंत आहे का, असं आमच्या घरात अक्काला कोणी विचारलंच नव्हतं. आईने माझा हात घट्ट धरला. मामा बहिणीकडे बघू लागले, बहीण मुलाकडे. मुलगा अजून खुर्चीवरच होता, हात वर, लुगड्याचा काठ डोक्यावर आलेला.

“माले बी,” तो म्हणाला, आणि पुन्हा शिंकला.