कन्फाइन्ड स्पेस म्हणजे काय, साहेब?

विष्णूचा एक पाय टाकीच्या आत होता आणि एक बाहेर, तेवढ्यात मी पोचलो.

"थांब विष्णू. आधी वर काय लिहिलंय ते वाच."

त्यानं पाय बाहेर काढला आणि मान वर केली. मॅनहोलच्या, म्हणजे टाकीत शिरायला बुडाजवळ ठेवलेल्या गोल तोंडाच्या वर एक पिवळा चकचकीत बोर्ड होता. विष्णू दहावी पास. न अडखळता त्यानं वाचलं, "कन्फाइन्ड स्पेस. एन्ट्री बाय परमिट ओन्ली."

"शाब्बास. म्हणजे काय?"

"म्हंजे..." त्यानं सोबत्यांकडं बघितलं. ते तिघं आपापल्या बुटांकडं बघत होते. "म्हंजे हितनं आत जायचं. मोठ्या सायबांनीच सांगितलंय की."

जाऊ नको म्हणून लावलेला बोर्ड, आणि ह्यानं अर्थ काढला जायचं. मी विष्णूला हसलो नाही. हसायचंच असेल तर तो बोर्ड लावणाऱ्याला हसावं, आणि ते काम मी पुढं यथेच्छ करणार आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. सेफ्टी ऑफिसर म्हणजे अपघात होऊ नये म्हणून पगार घेणारा, आणि झालाच तर ज्याच्यावर ढकलता येतो असा माणूस. कारखान्याचं नाव सांगून उपयोग नाही. मागच्या वर्षी रिटायर झालो, त्यामुळं आता 'बी पॉझिटिव्ह' म्हणायला कुणी समोर नाही.

हे 'बी पॉझिटिव्ह' आमच्या वर्क्स मॅनेजरसाहेबांचं. पाइप गळाला, बी पॉझिटिव्ह. कामगाराचं बोट चेमटलं, बी पॉझिटिव्ह. साहेबांचं इंग्रजी चांगलं होतं असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे ज्यांना ते कळत नव्हतं ते. प्रोॲक्टिव्ह, होलिस्टिक, झिरो हार्म असे शब्द ते मिटिंगमध्ये पेढे वाटल्यासारखे वाटायचे. घेणाऱ्यानं घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि खिशात ठेवायचे.

त्यांनीच पुण्याहून एक कन्सल्टंट आणला होता. त्यानं आठवड्याभरात सगळ्या कारखान्यावर बोर्ड ठोकले. इथं हॅझर्ड, तिथं कॉशन, पलीकडं आयसोलेट बिफोर वर्क. मी म्हणालो, "साहेब, खाली मराठीत पण टाकू."

"गायकवाड, बाहेरून ऑडिटर येतात. मराठी बोर्ड प्रोफेशनल दिसत नाही."

"पण साहेब, ऑडिटर टाकीत उतरत नाहीत."

"बी पॉझिटिव्ह," साहेब म्हणाले.

मग ट्रेनिंग झालं. पत्र्याच्या शेडमध्ये, ऐन उन्हाळ्यात, कन्सल्टंट टाय लावून उभा. भिंतीवर एकामागून एक स्लाइड. लोहारा, बेंबळी अशा गावांतून आलेली माणसं घाम पुसत बसलेली. शेवटी त्यानं विचारलं, "एनी डाउट्स?" सगळे गप्प. "क्लिअर?" सगळे एका सुरात म्हणाले, "येस सर." फोटो निघाला. नंतर चहा आणि भजी. त्या दिवशी माणसांना नीट समजलेली गोष्ट ती एकच.

'येस सर' म्हणजे काय, हे त्या कन्सल्टंटला कुणीतरी समजवायला हवं होतं. आमच्याकडं त्याला अर्थबिर्थ काही नसतो. साहेब बोलायचा थांबला की तो आवाज करायचा असतो, एवढंच. 'कळलं न्हाय' म्हणायची सोय कुठं आहे? विष्णू ठेकेदाराचा माणूस. कळलं न्हाय म्हणाला, तर मुकादम म्हणणार, "लई शाना व्हय रं तू?" आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आणणार. विष्णूला लोहाऱ्याला घर, बायको, दोन पोरी. त्यानं येस सर म्हणायचं नाही तर काय करायचं?

तर ती टाकी. साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा चिकट पाक म्हणजे मोलॅसिस, आमच्याकडं मळी म्हणतात. गाळप संपलं की ह्या टाक्या आतून धुऊन काढायच्या असतात. तळाशी राहिलेल्या मळीत पाणी गेलं की ती आंबते. आंबली की गॅस सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. माणूस आत गेला की दोन श्वासांत डोळ्यांपुढं अंधारी येते. त्याला काढायला दुसरा जातो. मग दुसऱ्याला काढायला तिसरा. ह्या धंद्यात माणसं एकेकटी मरत नाहीत.

म्हणून परमिट. परमिट म्हणजे साहेबांनी 'जा' म्हणणं नव्हे. आधी आतला गॅस मोजायचा, ब्लोअर लावून हवा खेळवायची, आत जाणाऱ्याच्या अंगाला दोराचा पट्टा बांधायचा, बाहेर एक माणूस उभा करायचा आणि मग सेफ्टी ऑफिसरनं सही करायची. ह्यातलं काहीएक न करता विष्णूला आत घातलं जात होतं, कारण दुपारी डायरेक्टर येणार होते आणि टाकी चकाचक दिसायला हवी होती.

मी गॅस मोजायचं यंत्र काठीला बांधून मॅनहोलातून आत सरकवलं. ते लगेच ठणाणा करायला लागलं. मी साहेबांना फोन लावला. "साहेब, ह्या परमिटवर माझी सही होणार नाही."

साहेब आले. डोक्यावर पांढरं हेल्मेट, त्याला आजवर एक ओरखडा नाही.

"काय प्रॉब्लेम आहे, गायकवाड?"

"आत गॅस आहे. ब्लोअर लावू, उद्या परत मोजू, मग माणसं घालू."

"उद्या? दुपारी डायरेक्टर आहेत. तुमचा सेन्सर खराब असेल."

"सेन्सर गेल्याच आठवड्यात तपासून आणलाय."

"यू आर ओव्हररिॲक्टिंग. सही करा."

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हणालो, "सहीचं नंतर बघू, साहेब. आधी हा बोर्ड ह्या चौघांना मराठीत समजावून सांगा. तुम्हीच लावलाय. कन्फाइन्ड स्पेस म्हणजे काय?"

साहेबांनी बोर्डाकडं असं बघितलं, जणू आजच पहिल्यांदा भेट होत होती.

"सिंपल आहे. कन्फाइन्ड म्हणजे... लिमिटेड. लिमिटेड स्पेस. म्हणजे अरुंद जागा."

विष्णूनं त्या टाकीकडं खालून वर बघितलं. दोन मजली घराएवढी टाकी. तो अगदी सरळ मनानं म्हणाला, "पर सायेब, ही कुठं अरुंद हाय? हिच्यात लग्नाची पंगत बसंल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. "टेक्निकल टर्म आहे. तुला नाही कळणार."

कळणार नाही, म्हणे. ज्याला आत घालायचं त्यालाच कळणार नाही, तर बोर्ड काय टाकीला वाचायला लावलाय?

मी विष्णूकडं वळलो. मी बेंबळीचा. आमच्या शेताकडं एक जुना आड होता, लहानपणी तिकडं फिरकलो तरी मार बसायचा. "विष्णू, तुमच्याकडं वापरात नसलेला जुना आड हाय का?"

"हाय की. मळ्याच्या कडंला."

"त्यात उतरतोस?"

"न्हाय बा. आधी दोराला कंदील बांधून सोडत्यात. कंदील इझला की उतरायचं न्हाय. आत हवा मेलेली असती."

"मग ही टाकी म्हणजे तो आड. जागा किती का मोठी असंना, आतली हवा मेलेली. शिरता येतं, निघता येईल ह्याचा भरवसा नाही. बोर्डवर तेवढंच लिहिलंय. फक्त इथं कंदील सोडायचा नाही, एखादा गॅस पेट घेतो. कंदिलाचं काम हे यंत्र करतं, आणि ते कधीचं बोंबलतंय."

चौघंही मागं सरकले. तासाभराच्या स्लाइडनं जे झालं नव्हतं ते झालं. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण चार मजुरांसमोर आपलं इंग्रजी उघडं पडलं हे साहेबांना सहन होईना.

"नॉनसेन्स," ते म्हणाले. "आड काय, कंदील काय. काही होत नाही. हे बघा." आणि मी हात धरायच्या आत त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून डोकं आणि खांदे मॅनहोलातून आत घातले. आतून घुमत आवाज आला, "सी? नथिंग."

त्यानंतर काही आलं नाही. साहेबांचे गुडघे वाकले आणि शरीर आतल्या बाजूला घसरायला लागलं.

विष्णू जवळ होता. त्यानं मागून साहेबांचा कमरेचा पट्टा धरला, मी विष्णूला धरलं, आणि आम्ही त्यांना बाहेर ओढलं. हेल्मेट आतच पडलं. साहेबांना सावलीत आडवं केलं, कॉलर सैल केली. चेहरा पांढराफटक. थोड्या वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, "आई गं. पाणी." अख्ख्या नोकरीत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं सगळ्यांना समजलेलं वाक्य.

डॉक्टरांनी तपासलं, काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ब्लोअर लावून, नीट मोजून विष्णूच्या टोळीनं टाकी धुतली. हेल्मेट मळीत बरबटून निघालं. डायरेक्टर आदल्या दुपारीच आले, चहा घेऊन गेले. टाकीकडं कुणी फिरकलंसुद्धा नाही.

आमच्या कामात अशा घटनेला 'नियर मिस' म्हणतात, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. त्याचा रिपोर्ट करायचा असतो. तो मी करायचा. पण साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वतः टाइप केलेला कागद पुढं टाकला. कामगाराचा जबाब, इंग्रजीत. त्यात असं होतं की विष्णू निष्काळजीपणे, विनापरवाना टाकीत शिरत होता. मॅनेजरसाहेबांनी प्रसंगावधान राखून त्याला अडवलं, आणि त्या झटापटीत साहेबांना चक्कर आली.

"साहेब, हे धडधडीत खोटं आहे."

"हे डॉक्युमेंटेशन आहे, गायकवाड. बी पॉझिटिव्ह."

मला भयंकर चीड आली. ह्या कागदावर सही झाली की विष्णूचा गेट पास रद्द. आणि निष्काळजी म्हणून काढलेल्या माणसाला जिल्ह्यातला दुसरा कारखाना दारात उभं करत नाही. ज्यानं ह्याला टाकीतून ओढून बाहेर काढलं त्यालाच हा बाहेर काढत होता, आणि तेही त्याच्याच सहीनं.

विष्णू आत आला. टोपी हातात. साहेबांनी आवाजात साखर घातली. "ये विष्णू, बस. फॉर्मॅलिटी आहे. इथं खाली सही कर."

विष्णू बसला नाही. त्यानं पेन घेतलं, कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली. बोर्ड वाचला होता तसंच, न अडखळता, मोठ्यानं. "द वर्कर अटेम्प्टेड अनऑथोराइज्ड एन्ट्री..." वाचून झालं. त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

"सायेब, हे मराठीत सांगा. मग करतो सही."

"अरे, रूटीन आहे. तसं विशेष काही नाही. क्लिअर?"

'क्लिअर' नंतर काय येतं हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"न्हाय," विष्णू म्हणाला. "कळलं न्हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "गायकवाड, सांगा ह्याला."

"टेक्निकल टर्म आहे साहेब," मी म्हणालो. "मला नाही कळणार."

साहेबांनी कागद हातात घेतला. "म्हणजे असं... की त्या दिवशी तू... परवानगी..." पुढं गाडी सरकेना. इंग्रजीत अख्खा कागद लिहिताना ज्यांना एकदाही अडखळायला झालं नव्हतं, त्यांना मराठीतलं एक वाक्य पुरं करता येईना, कारण ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो समोर उभा होता.

विष्णूनं कागदाकडं बोट केलं. मग विचारलं, "म्या तुमचा पट्टा धरला व्हता. ते हाय का ह्याच्यात?"

साहेबांनी कागदाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "जा तू. बघू नंतर."

ते नंतर कधी आलं नाही. रिपोर्ट मी लिहिला, घडलं तसा, आणि विष्णूला मराठीत वाचून दाखवला. त्यानं दोन ठिकाणी मला थांबवून विचारलं, मगच सही केली. तो आजही त्या कारखान्यात कामाला आहे. टाकीवर मी गावातल्या पेंटरकडून लिहून घेतलं: 'आतली हवा मेलेली असते. यंत्रानं मोजल्याशिवाय शिरू नका.' पुढच्या ऑडिटरनं नेमकं त्याचंच कौतुक केलं, तेव्हा साहेब म्हणाले, "इट वॉज माय इनिशिएटिव्ह." आता ते एका मोठ्या कारखान्यात आहेत आणि सेफ्टीवर लेक्चर देतात असं ऐकतो.

इंग्रजी शब्दांवर माझा राग नाही. कन्फाइन्ड स्पेस हा चांगला, नेमका शब्द आहे. नोकरीत मी दोनच गोष्टी शिकलो. समोरच्याला कळलं का, हे 'क्लिअर?' विचारून कळत नाही, त्यालाच त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं. आणि जे माणसाच्या तोंडावर मराठीत म्हणवत नाही, ते त्याच्या माघारी इंग्रजीतही लिहायचं नाही. विष्णूला हे दोन्ही कळलंय. साहेबांना अजून क्लिअर नसावं.