डावा गाल

बहिणीचा फोटो निवडायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात शहाणा मीच होतो. निदान माझी तशी पक्की समजूत होती. साताऱ्यात कारकून म्हणून लागून दोन वर्षं झाली होती. इस्त्रीची पँट घालत होतो आणि दर शनिवारी एसटीनं कुंडलजवळच्या आमच्या गावी येऊन सगळ्यांना अक्कल शिकवत होतो.

दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. इस्लामपूरकडच्या एका घरातून बहिणीला मागणी आली. मुलगा फौजेत, सरहद्दीवर. त्याची आई येऊन बहिणीला बघून गेली. मुलगी तिला आवडली. निघताना ती आमच्या आईला म्हणाली, "पोराला आत्ता सुट्टी न्हाई. फोटू धाडून द्या. त्याचा व्हकार आला की सुपारी फोडू." फौजेतल्या मुलांची लग्नं आमच्याकडं अशीच जमायची. फोटो टपालानं जायचा आणि होकारही टपालानंच यायचा.

बहिणीच्या डाव्या गालावर चिंचोक्याएवढा डाग होता. लहानपणी गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस उडाला होता, त्याचा. आम्हाला घरात तो कधी जाणवतही नसे. मागणी आली त्या दिवसापासून मात्र मला तिच्या तोंडावर दुसरं काही दिसेना. मुलाच्या आईनं डाग पाहिला होता, पण ती तो आपल्या मुलाला कशाला कळवेल? आधीच दोन ठिकाणांहून नकार आला होता. हे स्थळ हातचं गेलं तर बहीण घरातच राहणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मी तिला सांगलीला एका नावाजलेल्या स्टुडिओत घेऊन गेलो. तिथला फोटोग्राफर सिनेमातल्या नट्यांसारखे फोटो काढायचा. काचेत तसलेच नमुने लावलेले होते, मान वळवलेले, डोळे कुठंतरी वर लागलेले. त्यानं बहिणीला स्टुलावर बसवलं, तीन दिवे लावले, वेणी सोडायला लावली आणि पदर खांद्यावरून मोकळा सोडला. आयुष्यात ती कधी मोकळ्या केसांनी उंबऱ्याबाहेर आली नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला की तो स्वतःच्या रुमालानं टिपायचा आणि म्हणायचा, "ताई, हसू नका. हसल्यासारखं करा." मग माझ्याकडं वळून, तिच्यासमोरच, "डाग आहे हो. साइड पोज घेऊ. समोरून घेतला तर निगेटिव्हवर पेन्सिल मारावी लागेल." बहीण खाली बघत राहिली. मी म्हणालो, "घ्या, दोन्ही घ्या."

आठवड्यानं तीन कच्च्या प्रती घेऊन मी घरी गेलो आणि सोप्यात घोंगड्यावर मांडल्या. पहिला समोरून, डाग होता तसा. दुसरा समोरूनच, पण पेन्सिलीनं गाल असा साफ केलेला की तो गाल माणसाचा वाटेना. तिसरा उजव्या बाजूनं, केस खांद्यावर, नजर वर. तिसऱ्यात ती खरंच सुंदर दिसत होती. इतकी, की आईनं तो उचलून दारातल्या उजेडात धरला. मग म्हणाली, "ही आपली हाय व्हय रं?"

"आपलीच की," मी म्हणालो, "हाच धाडायचा."

बहीण चुलीपुढून उठून आली. तिनं पीठ लागलेलं बोट न टेकवता पहिल्या फोटोवर धरलं. "ह्यो धाड की, दादा."

मी हसलो. आज ते हसणं आठवलं की माझाच मला राग येतो. मी म्हणालो, "ह्यो धाडला तर परत येईल, पोस्टाचं तिकीट तेवढं वाया."

आमचे वडील, आबा, पंधरा वर्षं पलटणीत काढून आलेले. ते भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "पलटणीत नाव लिवताना आदी अंगावरची खूण लिवत्यात. खुणंवरनं माणूस वळखत्यात. ती झाकून कसं चालंल?"

"आबा, ही भरती न्हाई," मी म्हणालो.

आईनं माझ्याकडं बघितलं, फोटोंकडं बघितलं आणि पहिला फोटो उचलून पालथा ठेवला. झालं, ठरलं. बहीण भाकरी करपेल म्हणून आत गेली. पक्की प्रत करून मी तिसरा फोटो रजिस्टरनं रवाना केला.

महिन्यानं होकार आला. घरात पेढे वाटले, पण माझी झोप उडाली. आता तो माणूस त्या फोटोतल्या मुलीशी लग्न करायला येणार होता. बहिणीसमोर उभा राहून त्यानं पाठ फिरवली तर? भरल्या मांडवातून वरात परत गेल्याची एक गोष्ट आमच्या पंचक्रोशीत लोक चवीनं सांगायचे. आता लोक आमची सांगतील, असं वाटून साताऱ्यात कचेरीत बसल्या बसल्या मला दरदरून घाम फुटायचा.

लग्नाला चार दिवस असताना तो रजेवर आला आणि आल्या आल्या त्यानं निरोप धाडला, मुलीला एकदा बघायला येतो म्हणून. मी तसाच सायकल मारत इस्लामपूरच्या रस्त्याला लागलो, तिथून एसटीनं त्याचं गाव गाठलं. उंच, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. मी दोन्ही हात जोडून म्हणालो, "आमच्यात हाळदीच्या तोंडावर नवऱ्यानं पोरगी बघायची नसती. आता अंतरपाट निघाल्यावरच बघा." अशी काही रीत आमच्यात नव्हती. त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि "बरं," म्हणाला. त्या 'बरं'नं माझे पुढचे चार दिवस खाल्ले.

लग्नात मी बहिणीचा पदर डाव्या बाजूनं इतका पुढं ओढला की करवल्या हसायला लागल्या. बहिणीनं तो शांतपणे मागं सारला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा थेट तिच्या डाव्या गालाकडं बघितलं. वाजंत्री जोरात वाजत होती, तरी मला काही ऐकू येत नव्हतं. मग त्यानं हार घातला.

तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला नाही. माणूस चारचौघांत गप्प राहतो आणि घरी नेऊन छळतो, हेही मला माहीत होतं. पुढं होमाजवळ कानपिळीसाठी मला बोलावलं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, अशी ती रीत. मी त्याचा कान धरला. तो जरा वाकला आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "पाव्हणं, फोटू तुमी निवडला व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

"आईनं पत्रात आदीच कळवलं हुतं. गालावर भाजल्याचा डाग हाय, पोरगी लय गुणाची हाय. फोटू आल्यावर मी डाग हुडकत बसलो. बराकीत चार जणांना दावला, कुनालाच घावंना. म्हनलं, आईनं बगितली ती पोरगी येगळी आन् ही येगळी. आईच्या शब्दावर व्हकार दिला, पर एकदा बगायला येतो म्हनलं, तर तुमी आडवं पडलासा."

मागून कुणीतरी ओरडलं, "पिळ की रं जोरात!" मी कसाबसा कान पिळला. लोक हसले, तोही हसला.

मांडवपरतणीला बहीण दोन दिवस माहेरी आली. हातात हिरवा चुडा, आवाज मोकळा. मुलगी सुखात पडली होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या छातीवरचा चार महिन्यांचा धोंडा उतरला होता आणि धोंडा उतरला की माझं शहाणपण लगेच वर येतं. ती परसात तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "बघ, उगाच घाबरलो आपण. फोटो कुठलाही गेला असता तरी त्यांनी होच म्हटलं असतं. झालं ते चांगलंच झालं."

तिनं सूप खाली ठेवलं.

"त्यांनी न्हाई म्हनलं असतं तर परक्यानं म्हनलं असतं," ती म्हणाली. "त्याचं मी काय एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पर घोंगड्यावर फोटू मांडून, माज्यादेखत, ही नको म्हनलास तो तू, दादा."